बंबाचा पंप टाकीवर चालतो पण विहिरीवर पाणी उचलत नाही? प्रायमर खोलायच्या आधी हे बघा

टाकीतलं पाणी घेताना पंप एक नंबर चालतो, प्रेशर येतं, पाणी लांब जातं, आणि तीच गाडी विहिरीवर किंवा तळ्यावर सक्शन (पाणी घ्यायचा जाड पाईप) टाकून उभी केली की पंप नुसता फिरत राहतो. नगरपालिका असो, एमआयडीसी असो, साखर कारखाना असो, ही तक्रार दर उन्हाळ्यात येते आणि फोनवरचं पुढचं वाक्य पण ठरलेलं असतं, "प्रायमर गेलाय वाटतं, नवीन टाकायचा का?" प्रायमर म्हणजे सुरुवातीला पंपातली आणि सक्शनमधली हवा काढून टाकणारा भाग, आणि तो क्वचित गेलेला असतो. बहुतेक वेळा कुठूनतरी हवा आत येत असते आणि ती जागा शोधायला अर्ध्या वेळा पानासुद्धा हातात घ्यावा लागत नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे हा दोष आगीवरच उघडा पडतो. आपल्याकडच्या नेहमीच्या वॉटर टेंडरची, म्हणजे पाण्याच्या बंबाची, टाकी ४५०० लिटरची, दोन लाईनी नीट चालू असल्या तर पाच-सहा मिनिटांत संपते. त्यानंतर शेजारची विहीर हाच आधार असतो, आणि तिथे पंपाने पाणी घेतलं नाही तर आग वाढताना बघत उभं राहायची वेळ येते.

आधी लक्षण नीट ओळखा

पंपाच्या पॅनेलवर सक्शनच्या बाजूला कंपाउंड गेज असतं, एका बाजूला प्रेशर, दुसऱ्या बाजूला व्हॅक्युम. सगळं निदान त्या सुईवर आहे, म्हणून प्रायमर चालू केल्यावर माणसाने विहिरीत डोकावू नये, सुईकडे बघावं.

- सुई हलतच नाही, किंवा १००-१५० मिलिमीटरपर्यंत (पाऱ्याचे मिलिमीटर, पुढेही तेच) जाऊन तिथेच थांबते: हवा आत येतेय, नाहीतर प्रायमर काम करत नाही.
- सुई खूप वर जाते, ५५०-६०० च्या पुढे, पण पाणी येत नाही: वाट बंद आहे, किंवा पाणी पंपाच्या आवाक्याबाहेर खोल आहे.
- पाणी येतं, प्रेशर धरतं, मग अचानक जातं, सुई नाचते: सक्शनच्या पाण्यातल्या टोकाची जाळी वर आलीय, पाण्यात भोवरा होतोय, सक्शनमध्ये हवेचा कप्पा अडकलाय किंवा बारीक गळती आहे.
- पाणी येतं पण रेस (इंजिनचा वेग) वाढवली तरी प्रेशर वाढत नाही आणि पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येतो: पंपाला मागणीइतकं पाणी मिळत नाही. रेस ताबडतोब कमी करा, याला कॅव्हिटेशन म्हणतात आणि असाच चालू ठेवला तर इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) खाल्ला जातो.

गाडी बंद असताना सुई शून्यावर आहे ना तेवढं आधी बघून घ्या. बंद गाडीतच ती ५० वर उभी असेल तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

हिशोब सोपा आहे. पंप पाणी ओढत नाही, तो आतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३ मीटर चढवू शकतो, प्रत्यक्षात सक्शनमधलं घर्षण वगैरे धरून ७ मीटर मिळाले तरी पंप चांगला म्हणायचा. एक मीटर पाणी म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर व्हॅक्युम. म्हणजे पाणी पंपापासून ४ मीटर खाली असेल तर सुई ३०० च्या आसपास आली की पाणी पंपात पोचायला पाहिजे. १०० वर अडकली तर गळती, ६०० ला गेली तर अडथळा, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

उंचीवरच्या गावांनी अजून एक लक्षात ठेवा. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाबच कमी, त्यामुळे मुंबईत ७ मीटर उचलणारा तोच पंप तिथे साडेपाच मीटरच्या आसपास दम टाकणार. तो बिघाड नाही, उगाच पंप खोलू नका, पाण्याच्या जवळ उतरता येईल अशी जागा शोधा.

तपासणीआधी दोन गोष्टी, यात घाई नको

गाडी न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, चाकाला गुटके. विहिरीच्या काठाला कधीच चिकटून उभी करू नका, भरलेला बंब कित्येक टनांचा असतो आणि बिनबांधीव विहिरीचा काठ दिसायला घट्ट असला तरी आतून पोखरलेला असू शकतो. सक्शनचा एक तुकडा जास्त जोडावा लागला तरी चालेल.

दुसरं, सक्शनची टोपी सोडायच्या आधी ड्रेन कॉक (पंपातलं पाणी काढायची तोटी) उघडून आतलं प्रेशर शून्य करा. आत दाब अडकलेला असताना टोपी सैल केली तर ती तोफगोळ्यासारखी सुटते आणि समोरच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. तसंच प्रायमर चालू असताना उघड्या सक्शनवर तळहात ठेवून "ओढतंय का" बघायची सवय असेल तर ती आजच सोडा.

१. जाळी आणि सक्शनची मांडणी (खर्च शून्य)

पाण्यात सोडलेली जाळी कमीत कमी दोन फूट पाण्याखाली पाहिजे. वरून जाळी दिसत नाही म्हणजे ती बुडालेली आहे असं नाही, पाणी जोरात ओढलं जायला लागलं की वर भोवरा तयार होतो आणि त्यातून हवा थेट जाळीत उतरते. पाणी कमीच असेल तर जाळीच्या वर एखादी फळी तरंगत ठेवा, भोवरा मोडतो.

खाली पण टेकू देऊ नका. गाळात बसली की आधी गाळ, मग वाळू, मग काहीच नाही. वेताची किंवा जाळीदार टोपली गाडीत असते ती त्यासाठीच, पण बऱ्याच गाड्यांत ती स्टेशनवर कोपऱ्यात पडलेली सापडते. इंद्रायणीसारख्या नदीवर जलपर्णी, घाटावर निर्माल्य, गावतळ्यात प्लास्टिक पिशव्या, यातलं काहीही जाळीला गुंडाळलं की सुई ६०० ला जाणार. दोरीने जाळी वर घ्या, साफ करा, परत सोडा.

आणि सक्शनला कमान नको. पाण्यापासून पंपापर्यंत ते सतत चढत गेलं पाहिजे. कठड्यावरून घेताना मध्ये उंचवटा झाला आणि पुढे पंपाकडे उतार आला तर त्या उंचवट्यात हवा अडकते, पाणी आल्यासारखं वाटतं आणि लाईन उघडली की प्रेशर जातं. कठड्यावर सक्शन घासतंय तिथे गोणपाट टाका ते वेगळंच.

२. उघडे राहिलेले कॉक (खर्च शून्य, पण सगळ्यात जास्त सापडणारा दोष)

पंपाचे सगळे ड्रेन कॉक हाताने फिरवून बघा, नुसतं बघू नका. गाडी धुतल्यावर पंप रिकामा करतात आणि एखादा कॉक अर्धवट राहतो, किंवा खराब रस्त्यावर हलून हलून सैल होतो. टाकीवर पंप चालवताना यातून थोडं पाणी ठिबकतं, कुणाचं लक्ष जात नाही. व्हॅक्युमच्या वेळी तिथूनच हवा येते.

मग फोमचा व्हॉल्व्ह. फोम ओढायची नळी मोकळी लटकत असेल आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर पंप पाणी सोडून तिकडून आरामात हवा घेतो. होज रीलचा व्हॉल्व्ह, मॉनिटरचा (गाडीवरच्या पाण्याच्या तोफेचा) व्हॉल्व्ह, मागच्या आणि बाजूच्या सगळ्या डिलिव्हरी (पाणी बाहेर जायची तोंडं), एकेक करून बंद आहेत याची खात्री करा. डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या सीटवर बारीक खडा अडकला असेल तर चाक पूर्ण फिरवलं तरी तो बसत नाही, तेव्हा टाकीच्या पाण्यावर जोरात एकदा उघडून फ्लश करा, बऱ्याचदा खडा निघून जातो.

३. कपलिंगचे वॉशर (खर्च चहापाण्याएवढा)

सक्शनच्या प्रत्येक मादी कपलिंगमध्ये आत रबरी वॉशर असतो. बोट घालून पूर्ण गोल फिरवा. चांगला वॉशर मऊ लागतो आणि खाचेत सपाट बसलेला असतो. खराब झालेला कडक असतो, नखाने दाबला तर खूण उठत नाही, कडेला बारीक तडे असतात आणि मागच्या वापराची वाळू खाचेत तशीच घट्ट बसलेली असते. त्या दोन-चार वाळूच्या कणांमुळे पण हवा घेते. वॉशर काढा, खाच फडक्याने पुसा, नवीन बसवा. दोन जुने वॉशर एकावर एक बसवायचा प्रकार बघितलाय, त्याने आटे पूर्ण बसत नाहीत आणि गळती वाढते.

जोडताना दोन माणसं लागतात, एकाने सक्शन सरळ धरायचं आणि दुसऱ्याने सक्शन पान्याने आवळायचं. लटकत्या वजनावर आटे वाकडे चढतात आणि कपलिंग घट्ट वाटूनही घट्ट नसते.

४. पंपाच्या तोंडाची आतली जाळी

सक्शनच्या टोपीच्या आत बहुतेक पंपांना अजून एक जाळी असते आणि ती आहे हेच कित्येक यंत्रचालकांना माहीत नसतं, कारण कुणी सांगितलेलं नसतं. सुई वर जाते, बाहेरची जाळी स्वच्छ, आणि तरी पाणी कमी, तर इथे बघा. पानं, प्लास्टिक, शिंपले, टाकीतल्या गंजाचे पापुद्रे पण इथे जमतात.

५. ड्राय व्हॅक्युम टेस्ट: दोष पंपात की सक्शनमध्ये

इथपर्यंत काही सापडलं नाही तर आता अंदाज बंद, टेस्ट करा. टाकी रिकामी करा, पंपातलं सगळं पाणी काढा, ड्रेन कॉक परत बंद करा. सक्शनची टोपी चांगल्या वॉशरसह घट्ट लावा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद. डिलिव्हरीचे व्हॉल्व्ह पण बंद, पण त्यांच्या टोप्या काढून ठेवा, टोपी लावलेली असली तर गळका व्हॉल्व्ह तिच्यामागे लपतो. आता प्रायमर ३० ते ४५ सेकंदच चालवा, त्यापेक्षा जास्त नाही, कारण पंप कोरडा फिरला की मेकॅनिकल सील (शाफ्टभोवती पाणी-हवा अडवणारा भाग) जळतं आणि एका दोषाचे दोन होतात.

सुई ५५०-५६० मिलिमीटरपर्यंत जायला पाहिजे, इंचाचं गेज असेल तर २२ इंच. उंचावरच्या गावाला थोडी कमी. मग प्रायमर बंद, इंजिन पण बंद. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमात ५ मिनिटांत १० इंचापेक्षा जास्त पडू नये असं आहे, म्हणजे साधारण २५० मिलिमीटर, मी तोच धरतो. इंजिन बंद करायचं कारण म्हणजे शांततेत गळती ऐकू येते, सूं असा बारीक आवाज. कान लावत पंपाभोवती फिरा, संशय असेल तिथे ग्रीसचं बोट लावा, आवाज थांबला की जागा सापडली. गेजच्या तांब्याच्या नळीचे नट पण विसरू नका.

सुई टिकली तर पंप ठीक आहे. मग सक्शनचे तुकडे जोडा, शेवटच्या टोकाला ब्लँक कॅप (बंद झाकण) लावा आणि तीच टेस्ट परत. आता पडली तर दोष सक्शनमध्ये, एकेक तुकडा कमी करत जा.

सक्शनचा एक फसवा दोष आहे. बाहेरून पाईप नवा दिसतो पण आतलं रबराचं अस्तर सुटलेलं असतं, व्हॅक्युम झाला की ते आतल्या आत फुगून वाट बंद करतं आणि व्हॅक्युम गेला की परत चिकटतं. सुई छान वर जाते, गळती नाही, पाणी नाही. ब्लँक कॅपच्या जागी जाड पारदर्शक अॅक्रिलिकचा तुकडा वॉशरवर टेकवून व्हॅक्युम घेतला आणि बॅटरी मारली तर अस्तर फुगताना चक्क दिसतं. काच वापरू नका आणि समोर तोंड आणू नका. असा तुकडा दुरुस्त होत नाही, भंगारात काढा, कापून काढा म्हणजे कुणी परत गाडीत ठेवणार नाही.

६. टाकी आणि पंपामधला व्हॉल्व्ह

माझ्या मते विहिरीवरच्या फजितीचं सगळ्यात कमी ओळखलं जाणारं कारण हेच. एका गावची गाडी होती, कापसाच्या जिनिंगच्या आगीवर टाकी संपल्यावर विहिरीवर लावली तर सुई १२० च्या पुढे जाईना. नंतर प्रायमर नवा बसवला गेला, पैसे गेले, स्टेशनवर ट्रायल घेतली तर मस्त चाललं, सगळे खूश. पुढच्या आगीला परत तेच. कारण स्टेशनवर ट्रायल घेताना टाकी भरलेली असायची. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता, टाकीत पाणी असलं की त्या फटीतून पाणीच पंपात यायचं आणि पंप प्राईम झाल्यासारखा वाटायचा, टाकी रिकामी झाली की त्याच फटीतून हवा. व्हॉल्व्ह खोलला तर रबरी सीटची एक कड चिरलेली, त्यात वेल्डिंगचा जुना तुकडा रुतलेला. सीट बदलली, गाडी ठीक.

हे तपासायला काही खोलायचं नाही. टाकी भरा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, पंपाचा ड्रेन कॉक उघडा. पंपातलं पाणी निघून गेल्यावर दहा मिनिटांनी परत बघा. धार किंवा ठिबक चालूच असेल तर व्हॉल्व्ह गळतोय. पंपातून टाकी भरायची जी वेगळी लाईन असते तिचा व्हॉल्व्ह पण संशयित, तिचं दुसरं तोंड टाकीत वर उघडतं, म्हणून तो ठिबकण्यावरून कळत नाही, ड्राय टेस्टमध्येच सापडतो.

७. आता प्रायमर

प्रायमर चालू असताना त्याच्या बाहेरच्या नळीकडे बघा. हवा जोरात येत राहते आणि सुई चढत नाही, म्हणजे प्रायमर बिचारा काम करतोय, गळती दुसरीकडे आहे. हवाच येत नाही आणि सुई पण मेलेली, तर प्रायमर. वॉटर रिंग प्रकाराला आधी त्याच्या स्वतःच्या डब्यात पाणी लागतं, तो डबा कोरडा असणं हा रोजचा प्रकार. एक्झॉस्टवर चालणारा असेल तर फ्लॅपवर काजळी जमून तो पूर्ण बंद होत नाही, साफ करा, पण इंजिन गार झाल्यावर. इलेक्ट्रिकवाला असेल तर बॅटरीचा दम, वायरचे टोक, आणि ज्याला तेल लागतं त्याचं तेल.

प्रायमर बंद केल्याबरोबर सुई धाडकन पडते का ते पण बघा. तसं होत असेल तर प्रायमर आणि पंपामधला व्हॉल्व्ह परत बसत नाहीये.

८. इथे थांबा

पंपाच्या शाफ्टजवळून हवा घेत असेल तर दोन शक्यता. ग्लँड दोरीवाला जुना पंप असेल तर ग्लँडचे नट थोडे थोडे, दोन्हीकडे सारखे आवळून बघता येतं, चालू पंपात थेंब थेंब पाणी यायलाच पाहिजे, एकदम कोरडा केला तर शाफ्ट तापून खाल्ला जातो. पण मेकॅनिकल सील असेल तर हात लावू नका. ते खोलायला पुलर, योग्य मापं आणि स्वच्छ जागा लागते, नवीन सीलच्या चकचकीत पृष्ठभागावर बोटाचा तेलकट डाग पण चालत नाही.

तसंच पीटीओ (इंजिनची ताकद पंपाला देणारी जोडणी) गिअरबॉक्समधून आवाज, गिअरबॉक्सचं तेल दुधाळ झालेलं, पंप बॉडीला तडा, किंवा व्हॅक्युम उत्तम आणि पाणी भरपूर असूनही प्रेशर येत नाही म्हणजे आतल्या रिंगा झिजल्यात, या सगळ्यात पंप कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर बोलवा. गाडी वॉरंटीत असेल तर त्याआधीचे टप्पे पण बाहेरूनच तपासा, कंपनीने लावलेलं वॉरंटीचं सील तोडू नका. आणि गाडीखाली शिरून फिरत्या पीटीओ शाफ्टजवळ बघायचं काम कुणीच करायचं नाही, इंजिन बंद, चावी स्वतःच्या खिशात.

तोपर्यंत गाडी उघड्या पाण्यावर चालत नाही हे कंट्रोल रूमला लेखी कळवा. टाकीवर ती चालते, म्हणून सगळे तिला चालू धरतात, पण आगीवर जाणाऱ्या टीमला सोबत दुसरा टँकर लागणार आहे हे आधीच माहीत पाहिजे, आणि शेजारच्या नगरपालिकेला सांगून ठेवलेलं पाहिजे.

उन्हाळ्यातच का, आणि नवीन गाडी घेताना

पावसाळ्यानंतर तळं भरलेलं असतं, लिफ्ट (पाण्यापासून पंपापर्यंतची उंची) दीड-दोन मीटर, बारीक गळती असली तरी प्रायमर तिला पुरून उरतो. एप्रिल-मेमध्ये तेच पाणी पाच-सहा मीटर खाली जातं आणि तीच गळती आता पंप बंद पाडते. म्हणून मी मार्चमध्येच ड्राय टेस्ट करायला सांगतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाच्या स्फोटात जे अग्निशामक गेले त्यांच्यासाठी १४ ते २० एप्रिल आपण अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो, त्यात प्रात्यक्षिकं टाकीच्या पाण्यावर होतात. त्यातलं एक तरी विहिरीवर, टाकी रिकामी ठेवून घ्या, लोकांना पण बघायला मिळेल आणि गाडीची पण परीक्षा होईल.

नवीन गाडी घेताना टेंडरमध्ये पंपाचे लिटर आणि प्रेशर सगळे लिहितात, पण ताब्यात घेताना तपासणी कारखान्याच्या हौदावर होते. अट अशी घाला की लिफ्टची टेस्ट आमच्या गावात, आमच्या उंचीवर, टाकी रिकामी ठेवून होईल. ड्रेन कॉक उभ्याने हाताला येतील असे, प्रत्येकावर नाव. कंपाउंड गेज मोठं, रात्री दिसेल असं. टाकीचा व्हॉल्व्ह टाकी न उतरवता खोलता आला पाहिजे, ही एक अट विसरली तर पुढे शंभर रुपयांच्या सीटसाठी गाडी आठवडाभर वर्कशॉपला उभी राहते. सोबत सक्शन वॉशरचा पूर्ण जादा संच.

दुरुस्ती झाल्यावर ड्राय टेस्ट परत करा, टाकी रिकामी ठेवून, आणि किती सेकंदांत सुई कुठे गेली, ५ मिनिटांनी कुठे होती हे लॉगबुकात तारखेसह लिहा. पुढच्या वेळी तो आकडा शेजारी ठेवला की पंप हळूहळू उतरत चाललाय का ते आग लागायच्या आधी कळतं.